घटस्फोटात मुलाचा ताबा : यवतमाळ जिल्ह्यात वकील कसा शोधायचा

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपल्या की आम्हाला एकाच प्रकारचे फोन येऊ लागतात. मूल सुट्टीत वडिलांकडे गेले होते, ते परत पाठवलेच नाही. किंवा उलट : सून मुलांना घेऊन माहेरी गेली, आता फोनवर बोलूही देत नाही. फोन करणारा बहुतेक वेळा भाऊ किंवा मामा असतो, नाहीतर वस्तीतला एखादा कार्यकर्ता. जयभीम घालून तो थेट विचारतो, "दादा, यवतमाळात चांगला वकील कोण आहे?"

या प्रश्नाला एखादे नाव सांगून मोकळे होणे आम्ही बंद केले आहे. शेतीच्या वाटणीत पटाईत असलेला वकील मुलाच्या ताब्याच्या कामात उपयोगी पडेलच असे नाही. आमच्या ओळखीचा माणूस उमरखेडच्या बाईला परवडेल, तिच्या तारखांना हजर राहील, याचीही खात्री नसते. म्हणून नाव सांगण्याआधी आम्ही एक प्रश्न विचारतो : मूल तुमच्यापासून दूर जाऊन किती दिवस झाले?

ताब्याच्या प्रकरणात सर्वात महागात पडते ती उशिराने केलेली सुरुवात. न्यायालय मुलाचे हित पाहते, आणि त्यात मूल सध्या कुठे रुळले आहे, कोणत्या शाळेत जाते, कोणाच्या हातचे जेवते हेही येते. सहा महिने मूल एका घरात राहिले, तिथल्या शाळेत नाव घातले गेले, की ते घर हलवायला न्यायाधीश सहसा कचरतात. ज्याच्याकडे मूल आहे तो प्रत्येक तारखेगणिक बळकट होत जातो. आमच्या पाहण्यातल्या एका प्रकरणात आई आठ महिने समाजाच्या बैठकांची वाट पाहत राहिली. प्रत्येक बैठकीत पुढच्या पौर्णिमेला बसू असे ठरायचे. ती न्यायालयात पोहोचली तेव्हा चार वर्षांची मुलगी आजीलाच आई म्हणू लागली होती. शेवटी ताबा मिळाला, पण त्याआधी दीड वर्ष तिची लेकीशी भेट झाली ती न्यायालयाच्या आवारात आणि तासाभरापुरती.

घटस्फोट आधी होऊ द्या, मुलाचे नंतर पाहू, हा सल्ला गावोगाव दिला जातो. तो चुकीचा आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 प्रमाणे घटस्फोटाचा दावा चालू असतानाच ताबा, भेटी, शिक्षण आणि खर्च यांबाबत अंतरिम अर्ज करता येतो. मुलाच्या खर्चाचा आणि शिक्षणाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असे त्याच कलमात म्हटले आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, पण अर्जच केला नाही तर घड्याळ सुरूच होत नाही.

पोलीस ठाण्यातून मूल मिळत नाही

बापाने मूल नेले की घरचे पहिल्यांदा पोलीस ठाणे गाठतात आणि अपहरणाचा गुन्हा दाखल करा म्हणतात. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर अमरावतीचे असेच प्रकरण आले. बापाने तीन वर्षांच्या मुलाला आईकडून नेले होते आणि त्याच्यावर अपहरणाचा गुन्हा नोंदवला गेला होता. खंडपीठाने तो रद्द केला. बाप हा कायद्याने मुलाचा नैसर्गिक पालक आहे. त्याने मूल नेऊ नये असा कोणत्याही न्यायालयाचा आदेश नसताना, त्याने मुलाला आईकडून नेणे हे अपहरण ठरत नाही, असा या निकालाचा अर्थ आहे.

या निकालावर राग येणे स्वाभाविक आहे. पण त्यातले "आदेश नसताना" हे शब्द नीट वाचावेत. आदेश हातात असेल तर चित्र बदलते, आणि आदेश ठाणेदार देत नाही, न्यायालय देते. त्यामुळे ठाण्यात एक लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी (मूल कधी, कसे नेले याचा तो पुरावा असतो) आणि त्याच आठवड्यात वकिलाकडे जावे. ठाण्यातल्या समुपदेशनात दोन-तीन महिने घालवू नयेत.

फारच लहान मूल आईपासून तोडले असेल, जिवाला धोका असेल, किंवा मूल आईबापांऐवजी तिसऱ्याच कोणी अडवून ठेवले असेल, तर उच्च न्यायालयात देहोपस्थितीची याचिका करता येते. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, तेजस्विनी गौड विरुद्ध शेखर तिवारी, सर्वोच्च न्यायालयाने मे 2019 मध्ये ही वाट मान्य केली. तिथे आईच्या मृत्यूनंतर बाळ मावशी-मामांकडे होते आणि ते बापाकडे दिले गेले. आपल्या जिल्ह्यासाठी ही याचिका नागपूरला होते. खर्च आणि धावपळ दोन्ही जास्त, म्हणून ती अपवादात्मक प्रकरणांतच करावी.

आपल्याला कोणता कायदा लागू होतो

हे मुद्दाम सविस्तर लिहीत आहोत, कारण आपल्या तरुणांमध्ये यावरून गोंधळ आहे. "आम्ही 22 प्रतिज्ञा घेतल्या, हिंदू कायदा आम्हाला कसा लागू?" असे म्हणून एका शिकलेल्या मुलाने कलम 26 चा अर्ज करायलाच नकार दिल्याचे आम्ही पाहिले आहे. भावना समजते. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा हवा ही मागणी जुनी आहे आणि ती योग्य की अयोग्य यावर चर्चा व्हावी. पण आज हिंदू विवाह कायदा 1955 च्या कलम 2 मध्ये बौद्ध, जैन आणि शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 मध्येही तसेच आहे. हा कायदा लावून घेतल्याने कोणाचा धम्म बदलत नाही. शिवाय ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेब झगडले आणि 1951 मध्ये मंत्रिपद सोडून बाहेर पडले, त्याचेच तुकडे पुढे या कायद्यांच्या रूपाने मंजूर झाले. आंतरजातीय किंवा नोंदणी पद्धतीने विशेष विवाह कायदा 1954 खाली लग्न झाले असेल, तर मुलांसाठी त्या कायद्याचे कलम 38 आहे.

1956 च्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि "त्याच्यानंतर" आई असे लिहिले आहे. तेवढे वाचून सासरचे लोक बाईला घाबरवतात. गीता हरिहरन प्रकरणात 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या "नंतर"चा अर्थ बाप मेल्यावरच असा घ्यायचा नाही, असे ठरवले आहे. बाप मुलाकडे पाहतच नसेल तर तो हयात असतानाही आई नैसर्गिक पालक म्हणून काम पाहू शकते. पाच वर्षांखालील मूल साधारणपणे आईकडे असावे, हे कायद्यातच आहे. पाचच्या वर मात्र आपोआप कोणाचाही हक्क नाही. कलम 13 प्रमाणे मुलाचे हित हीच सर्वोच्च कसोटी. पालक आणि पाल्य कायदा 1890 चे कलम 17 म्हणते की मूल समजून मत देण्याइतके मोठे असेल तर त्याचे मतही विचारात घ्यावे. त्यासाठी ठराविक वय दिलेले नाही. न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये बोलावून बोलतात, आणि शिकवून पाठवलेले मूल त्यांना लवकर ओळखू येते.

"तू रोजमजुरी करतेस, तुला कोण मूल देईल?" हे आणखी एक वाक्य आम्ही गावोगाव ऐकतो. केवळ एकाकडे पैसा जास्त आहे म्हणून ताबा त्याला मिळत नाही. मूल आईकडे असले तरी बापाची खर्चाची जबाबदारी सुटत नाही. राजनेश विरुद्ध नेहा हा 4 नोव्हेंबर 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मूळचा नागपूरच्या कुटुंब न्यायालयातला आहे. त्या प्रकरणात पत्नीला दरमहा 15,000 आणि मुलासाठी आधी 5,000, पुढे 10,000 रुपये असा अंतरिम आदेश होता. सर्वोच्च न्यायालयाने त्यानिमित्ताने दोन गोष्टी देशभर लागू केल्या : दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र द्यायचे, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून मोजायची. तुमचा वकील हे शपथपत्र मागत नसेल तर त्याला या निकालाची आठवण करून द्या.

कोणत्या गावचा वकील

यवतमाळ जिल्ह्यात 16 तालुके. वणी आणि उमरखेड ही दोन्ही टोके जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरच्या आसपास. वणीच्या माणसाला चंद्रपूर जवळ, उमरखेडच्याला नांदेड. तेव्हा "यवतमाळचा मोठा वकील" लावला की प्रत्येक तारखेला त्याचा प्रवास तुमच्या माथी येतो, आणि तो आला नाही तर ज्युनिअर उभा राहून पुढची तारीख घेतो. आमचा अनुभव असा की प्रकरण ज्या न्यायालयात चालणार त्याच वकील संघातला, रोज तिथे बसणारा वकील बरा. त्याला त्या न्यायालयाची रीत माहीत असते आणि कारकुनाच्या टेबलावर अडकलेला कागद तो त्याच दिवशी सोडवतो.

पण प्रकरण चालणार कुठे, हे आधी ठरते. घटस्फोटाचा दावा लग्न झाले त्या ठिकाणी, दोघे शेवटचे एकत्र राहिले तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे करता येतो. पत्नी अर्जदार असेल तर ती आज जिथे राहते तिथेही करता येतो. 2003 च्या दुरुस्तीने मिळालेली ही सोय फार मोलाची आहे. पुण्याला नांदलेली मुलगी आर्णीच्या माहेरी परत आली असेल तर तिला पुण्याला हेलपाटे घालण्याची गरज नाही. 1890 च्या कायद्याखाली स्वतंत्र ताब्याचा अर्ज मात्र मूल सामान्यतः जिथे राहते तिथल्या जिल्हा न्यायालयात करावा लागतो. मूल वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत असेल, किंवा बापाने नुकतेच हैदराबादला नेले असेल, तर हाच मुद्दा वादाचा होतो. पुसद, दारव्हा, केळापूर इथेही जिल्हा न्यायाधीश बसतात, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला यवतमाळ गाठावे लागत नाही.

तिसरी वाट सर्वात जवळची आहे. घरात मारहाण, उपासमार, हाकलून देणे असे काही झाले असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 खाली बाई तालुक्यातल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. त्याच अर्जात कलम 21 प्रमाणे मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. ती आज तात्पुरती जिथे राहते तिथेही हा अर्ज चालतो. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत लागावी असे कायदा म्हणतो. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी हा अर्ज भरून देतात, त्याला वकिलाची वाट पाहावी लागत नाही. 181 ही महिलांसाठीची आणि 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. हिंसाच घडली नसेल तर मात्र ताब्यासाठी म्हणून खोटी हिंसा लिहू नये. उलटतपासणीत ती उघडी पडते आणि मग आईच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

या तीन वाटांपैकी आपल्या प्रकरणाला कोणती लागू आणि का, हे पहिल्या भेटीत जो वकील समजावून सांगतो, तो कामाचा.

मोफत वकील ही मेहेरबानी नाही

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चे कलम 12 कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावे. महिला, मुले, अनुसूचित जाती आणि जमातीची व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. यात बौद्ध पुरुषही येतो, हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसते. 1990 मध्ये अनुसूचित जातींच्या घटनात्मक आदेशात दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही ते स्थान मिळाले. त्यामुळे जातीचे प्रमाणपत्र असलेल्या बौद्ध बापालाही उत्पन्नाचा दाखला न देता मोफत वकील मागता येतो. इतर पुरुषांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची 3 लाखांची मर्यादा आहे.

अर्ज कुठे? जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती. साध्या कागदावर अर्ज चालतो. 15100 वर फोन केला तरी मार्ग सांगतात. प्राधिकरणाचा सचिव स्वतः न्यायाधीश असतो आणि तालुका समितीच्या अध्यक्षपदी तिथले ज्येष्ठ न्यायाधीश असतात. त्यामुळे तिथे जाताना गावातल्या पुढाऱ्याची चिठ्ठी लागत नाही. मिळालेल्या पॅनेल वकिलाची फी प्राधिकरण देते. त्याने पक्षकाराकडून "टायपिंगचे", "साहेबांचे" म्हणून पैसे घ्यायचे नसतात. घेतले तर सचिवाकडे लेखी तक्रार करून वकील बदलून मागता येतो. याशिवाय घटस्फोट, पोटगी, मालमत्ता आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत महाराष्ट्रातल्या महिलांना 1994 पासून न्यायालयीन शुल्क माफ आहे. खासगी वकील "कोर्ट फी" म्हणून मोठी रक्कम सांगू लागला तर ही माफी लक्षात आणून द्या.

मोफत वकील हलक्या दर्जाचा असतो, हा समज आहे. काही अगदी मन लावून काम करतात, काही तारखा ढकलतात. खासगी वकिलांतही हे दोन्ही प्रकार आहेत. फरक इतकाच की पॅनेल वकिलाबद्दल तक्रार ऐकणारा एक न्यायाधीश त्याच आवारात बसलेला असतो.

वकील पारखायचा कसा

इंटरनेटवर "यवतमाळमधील सर्वोत्तम दहा वकील" अशा याद्या दिसतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकिलाला जाहिरात करायला मनाई आहे. जुलै 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशा याद्या आणि चांदण्यांच्या मानांकनावर कडक शब्दांत बोट ठेवले. त्या याद्यांवर निवड करू नये. त्यापेक्षा ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी ॲप मोबाइलवर घ्या, जिल्हा यवतमाळ आणि न्यायालय निवडा, आणि वकिलाच्या नावाने शोधा. त्याची कोणती प्रकरणे चालू आहेत हे दिसते. यादी सगळी फौजदारी आणि चेक बाउन्सची असेल, हिंदू विवाह याचिका आणि पालकत्वाचे अर्ज क्वचितच असतील, तर तो माणूस चांगला असला तरी या कामाचा नाही. वैवाहिक प्रकरणे बंद दाराआड चालतात, म्हणून आदेशांचा तपशील दिसला नाही तर नवल वाटून घेऊ नका. सनदेची खात्री महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या नोंदणी क्रमांकावरून होते. तो वकीलपत्रावर असतो.

दुसरी खात्री प्रत्यक्ष न्यायालयात बसून होते. आम्ही कार्यकर्त्यांना सांगतो, एक दिवस जा. सकाळी अकराला पुकारा होताना कोण स्वतः उभे राहते, कोणाचे पक्षकार व्हरांड्यात वकिलाला शोधत फिरतात, हे दुपारपर्यंत कळते.

पहिल्या भेटीत वकील काय विचारतो ते ऐका. शेती किती, नोकरी सरकारी का, सोने किती हे आधी विचारणारा वकील ताब्याकडे सौद्याचे साधन म्हणून पाहत असण्याची शक्यता जास्त. मुलाला ताप आला की दवाखान्यात कोण नेते, शाळेच्या पालकसभेला कोण जाते, झोपते कोणाजवळ, अंगणवाडीत कोण सोडते, असे विचारणारा वकील प्रकरण कशावर उभे राहते हे जाणतो. कारण साक्षीदार तेच आहेत : अंगणवाडी सेविका, आशाताई, वर्गशिक्षक, शेजारीण. जन्मदाखला, लसीकरण कार्ड, शाळेचे बोनाफाईड, रेशनकार्ड, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, मूल नेल्यानंतरचे मोबाइलवरचे संदेश हे सगळे एका पिशवीत घालूनच पहिल्या भेटीला जावे. लग्न बौद्धाचार्यांनी लावले असेल आणि ग्रामपंचायतीत नोंदणी राहून गेली असेल, तर संस्थेने दिलेले प्रमाणपत्र, पत्रिका, फोटो सोबत घ्या. तो पुरावा म्हणून चालतो, पण सरकारी नोंदणीच्या जागी चालत नाही.

"शंभर टक्के ताबा मिळवून देतो" म्हणणाऱ्याकडून उठून यावे. ताबा मिळाल्यावर अमुक रक्कम द्या, असा निकालावर अवलंबून फीचा करार वकिलाला करताच येत नाही. फी टप्प्यांनी ठरवा, पावती मागा, प्रत्येक तारखेचा खर्च धरला आहे का विचारा. वकील बदलायचा झाला आणि जुना वकील उरलेल्या फीसाठी कागद अडवून बसला, तर आर. डी. सक्सेना प्रकरणातला 2000 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगा : थकलेल्या फीसाठी पक्षकाराची फाइल अडवण्याचा हक्क वकिलाला नाही.

आता थोडे अवघड बोलतो. "आपल्या समाजाचा वकील" हा आपल्याकडे पहिला निकष असतो. यामागे कारण आहे. कचेरीत आडनाव विचारून बदलणारा चेहरा आपण सगळ्यांनी पाहिला आहे, आणि आपल्या माणसासमोर बाई मोकळी बोलते. पण छोट्या तालुक्यात हाच वकील समाजाच्या बैठकीत दोन्ही पक्षांना सल्ला देऊन बसलेला असतो. सासरा त्याच्याच संघटनेत पदाधिकारी असतो. एका पक्षाला सल्ला दिलेल्या वकिलाने त्याच वादात दुसऱ्या पक्षाकडून उभे राहू नये, असे वकिलांच्या आचारनियमांत आहे. म्हणून विचारायला लाजू नका : "साहेब, तुम्ही त्यांच्या घरच्यांशी याबद्दल बोलला आहात का?" उत्तर हो असेल तर शेजारच्या तालुक्यातला वकील पाहा. तो कोणत्याही समाजाचा असो.

स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी

अजूनही आपल्याकडे बैठकीत स्टॅम्प पेपरवर फारकत लिहिली जाते आणि खाली एक ओळ असते : "मुलगा वडिलांकडे, मुलगी आईकडे राहील, यापुढे कोणाचा कोणावर हक्क नाही." नोटरीचा शिक्का बसला की लोकांना वाटते झाले. प्रथेने घटस्फोट होत असल्याचे कायदा काही प्रमाणात मानतो, पण ती प्रथा न्यायालयात सिद्ध करावी लागते. आपण तर जुन्या जातप्रथा 1956 मध्येच नागपूरला सोडल्या, मग कोणती प्रथा सिद्ध करणार? असा कागद बहुतेक वेळा टिकत नाही आणि पुढे दुसऱ्या लग्नाच्या वेळी दोघांनाही अडचणीत आणतो. मुलाच्या बाबतीत तर तो न्यायालयाला बांधत नाहीच. अशा कागदावर सही करून चुकलेल्या आईने किंवा बापाने सगळे संपले असे समजू नये. अर्ज करता येतो. दोघांचे पटत असेल तर परस्पर संमतीने अर्ज करावा आणि मुलाच्या अटी त्यात लिहाव्यात. त्यातली सहा महिन्यांची वाट योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने अमरदीप सिंग प्रकरणात 2017 मध्ये सांगितले आहे.

या अटी लिहिताना वकिलाच्या टेबलावर तयार मसुदा असतो. त्यात "महिन्यातून दोन रविवार आणि दिवाळीची निम्मी सुट्टी" एवढेच असते. तो तसाच सही करू नका. मूल कोण कुठे आणून सोडणार, बसभाडे कोणाचे, आठवड्यातून किती वेळा व्हिडिओ कॉल, शाळा बदलायची तर दोघांची संमती लागेल का, हे लिहून घ्या. व्हिडिओ कॉलचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने यशिता साहू प्रकरणात 2020 मध्ये मानला आहे, तेव्हा वकील "असे लिहीत नाहीत" म्हणाला तर ऐकू नका. आणि सण आपले लिहा. 14 एप्रिलला मूल कोणाकडे, बुद्धपौर्णिमेला कोणाकडे, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर कोणासोबत जाईल, हे कागदावर नसले की दर वर्षी त्याच दिवशी भांडण होते. जयंतीच्या मिरवणुकीत पोराला खांद्यावर कोण घेणार यावरून दोन्हीकडचे काके-मामे हातघाईवर आलेले आम्ही पाहिले आहेत.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो. आईची बदली झाली, बापाचे दारू पिणे सुटले किंवा वाढले, मूल मोठे होऊन वेगळे बोलू लागले, तर त्याच न्यायालयात आदेश बदलून मागता येतो. म्हणून निकालानंतरही प्रमाणित नक्कल, शपथपत्रांच्या प्रती आणि वकीलपत्राची प्रत स्वतःकडे ठेवा. एक संच माहेरी, एक आपल्याजवळ, आणि एकाचे फोटो मोबाइलमध्ये. आदेश असूनही ठरल्या रविवारी मूल पाठवले नाही, तर त्या दिवसाची तारीख, वेळ आणि सोबत गेलेल्या माणसाचे नाव वहीत लिहा आणि त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा. अंमलबजावणीच्या अर्जासोबत हीच वही लागते.